डिस्चार्ज कार्डावर 'गाठ' लिहिली, आणि माझी सर्जरी झालीच नाही

ब्रेस्ट ऑगमेंटेशन, म्हणजे स्तनांत इम्प्लांट (कृत्रिम भरणी) बसवून आकार वाढवण्याची सर्जरी. तिचे मी दिले २,३९,७०० रुपये. बुकिंगचे २५,०००, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बँकेतून पाठवलेले १,४०,०००, या दोन्हींवर जीएसटी म्हणून २९,७००, आणि 'भारी इम्प्लांटचा फरक' म्हणून रोख ४५,०००. त्या ४५ हजारांचा कुठेही कागद नाही. २९,७०० ची पावती आहे, पण तिच्यावर जीएसटी नंबरच नाही. घेणाऱ्या मंडळींना कागद कसे बनवायचे ते नीट ठाऊक होतं, हे मला फार उशिरा कळलं.

ब्रेस्ट ऑगमेंटेशन का करून घेतलं, ते मी सांगणार नाही. दात सरळ करून घेणाऱ्याला कुणी 'का' विचारत नाही. मी चौकशी न करता गेले होते असंही नाही. भिंतीवर डॉक्टरांचं एम.सीएच. प्लास्टिक सर्जरीचं प्रमाणपत्र होतं, नोंदणी क्रमांक होता, तो मी तपासला, खरा निघाला. (नुसतं 'कॉस्मेटिक सर्जन' लिहिलेली पाटी दिसली तर तिथूनच परत फिरा. कुणीही तशी पाटी लावतं.) पण प्रमाणपत्र ज्यांचं, त्यांनीच आत ऑपरेशन केलं का, हे भूल दिलेल्या बाईनं कसं तपासायचं? ओटी नोट्स, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधल्या नोंदी, मागा. त्यात सर्जनचं आणि भूलतज्ज्ञाचं नाव असतं. मी मागितल्या, अजून मिळालेल्या नाहीत.

इम्प्लांटचं ठरलं होतं ते असं: ३२५ सीसी आकारमानाचे, गोल, गुळगुळीत पृष्ठभागाचे, नावाजलेल्या परदेशी कंपनीचे, वॉरंटीसकट. प्रत्येक इम्प्लांटच्या खोक्यात सीरियल नंबरचे चिकटवायचे स्टिकर येतात. एक फाइलला, एक पेशंटच्या कार्डाला. हे मला आधीपासून माहीत होतं. संमतीपत्रावर कंपनीची जागा कोरी दिसली तेव्हा मी विचारलंही. रुग्णालयाची कौन्सेलर म्हणाली, "मॅडम, ती ओटीत भरतात, साइज आतच फायनल होतो ना." साइजबद्दल हे काही अंशी खरं आहे, म्हणून पटलं. ही माणसं सरसकट खोटं बोलत नाहीत, अर्धं खरं बोलतात.

आता तो क्षण, ज्याच्यावरून मी अजून रात्री जागी होते. डिस्चार्ज. छातीवर कुणी दगड ठेवल्यासारखं वाटत होतं, सर्जिकल ब्रा आवळलेली, हात कोपराच्या वर उचलत नव्हते, पेनकिलरची गुंगी. कौन्सेलरनं कार्ड पुढे केलं. निदानाच्या रकान्यात लिहिलेलं: स्तनातील गाठ, शस्त्रक्रियेनं काढली. मी वाचलं. विचारलं. ती हसून म्हणाली, "ताई, विम्यासाठी असंच लिहितात, सगळ्यांचंच." आणि मी सही केली. अहो, मी विमा मागितलाच नव्हता! कॉस्मेटिक सर्जरीला विमा मिळत नाही हे पॉलिसीत लिहिलेलं असतं, मला पाठ होतं. पण त्या अवस्थेत माणूस घरी जायचं बघतो, रकाने वाचत बसत नाही.

गाठ का लिहिली, ते नंतर एका सीए बाईंनी सांगितलं. आजारावरच्या उपचाराला जीएसटी नाही. कॉस्मेटिक सर्जरीला आहे, १८ टक्के. जन्मजात व्यंग, शरीराच्या वाढीतला दोष किंवा इजा-अपघातानं झालेली हानी दुरुस्त करायची असेल तरच सूट. म्हणजे माझ्याकडून कर घ्यायचा आणि सरकारला गाठ दाखवायची.

पुढचे आठवडे उशांची उतरंड करून पाठीवर झोपायचं, जड उचलायचं नाही, हे सगळं पाळलं. उजवी बाजू खाली बसत गेली. डावी वरच राहिली, कडक होत गेली, मग दुखायला लागली. फोन केला की एकच उत्तर, "सेटल व्हायला महिने लागतात." खरंच लागतात. त्या खरेपणाच्या आड त्यांनी माझे महिने खाल्ले. शेवटी दुसऱ्या सर्जनना दाखवलं. कॅप्सुलर कॉन्ट्रॅक्चर. इम्प्लांटभोवतीचं आवरण आकसून घट्ट होतं, ते. ही गुंतागुंत चांगल्या हातूनही होऊ शकते, त्याचा दोष मी देत नाही. पण दोन्ही काढले (१,३५,००० रुपये) तेव्हा बाहेर काय आलं? इम्प्लांटच्या पाठीमागे आकडा २७५. नाव भलत्याच कंपनीचं. आणि पृष्ठभाग खरखरीत.

खरखरीत म्हणजे काय, हे जाणणारीला सांगायला नको. बीआयए-एएलसीएल हा दुर्मीळ लिम्फोमा (एक प्रकारचा कर्करोग) मुख्यत्वे याच प्रकाराशी जोडला गेला आहे; त्यावरूनच जुलै २०१९ मध्ये अ‍ॅलर्गननं आपले खरखरीत 'बायोसेल' इम्प्लांट जगभरातून परत बोलावले. मी मुद्दाम गुळगुळीत निवडले होते. काढलेले इम्प्लांट फेकू देऊ नका. फोटो, व्हिडिओ, नोंद करून ताब्यात घ्या.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, "घरी माहीत आहे का?" दुसरा, "कशाला केलं हे?" मग २००५ चा जेकब मॅथ्यू निकाल ऐकवला: डॉक्टरवर गुन्ह्यासाठी आधी स्वतंत्र वैद्यकीय मत लागतं. साहेब, ते हलगर्जीपणासाठी! मी फसवणूक म्हणतेय, भारतीय न्याय संहिता कलम ३१८. एक वस्तू दाखवून दुसरी घातली, यात वैद्यकीय मत कसलं? "तुमच्या कार्डावर तर गाठ आहे." मेडिकल कौन्सिलकडे गेले, तर म्हणे रुग्णालयाचे कागद जोडा. लेखी मागणी केल्यावर ७२ तासांत कागद द्यायचे हा त्यांचाच २००२ चा नियम. कागद दिले नाहीत, हीच तर तक्रार आहे, तर म्हणे त्यासाठी वेगळा अर्ज करा. आणि सगळं सिद्ध झालं तरी कौन्सिल नोंदणीवर कारवाई करेल, पैसे देणार नाही.

पैशासाठी जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंत फी नाही. मुदत दोन वर्षं, ती 'सेटल होईल' ऐकण्यात घालवू नका. रोख देऊ नका. स्टिकर हातात येईपर्यंत उरलेली रक्कम सोडू नका. आणि कार्डावर न झालेला आजार दिसला तर सही न करता बसून राहा, टॅक्सी थांबू दे.

आयोगात समोरच्यांचं लेखी उत्तर आलंय: इम्प्लांट बसवलेच नाहीत, फक्त गाठ काढली. ठीक. काढलेली गाठ तपासणीला पाठवतात. ती कुठल्या लॅबला पाठवली आणि रिपोर्ट कुठे आहे, हे पुढच्या तारखेला माझ्या वकीलबाई विचारणार आहेत.