झाडकामाचा विमा सांगून बागकामाचा गळ्यात मारला, नवीन धंदा काढणाऱ्यांनी वाचा

फांद्या छाटणं, धोक्याची झाडं उतरवणं, बुंधे काढणं असल्या कामाची छोटी कंपनी काढताय आणि एखादा एजंट बाकीच्यांपेक्षा खूप कमी प्रीमियममध्ये "सगळं कव्हर होतं" असं सांगत असेल तर पैसे द्यायच्या आधी हे वाचा. लांबलंय थोडं, पण वाचा.

झाडावर चढून काम म्हटलं की विमा कंपन्या दचकतात. काही सरळ नाही म्हणतात, बाकीच्या प्रीमियम चढा लावतात, आणि त्यात त्यांचं चूक काही नाही, कारण उंची, चेनसॉ आणि वरून खाली येणारं वजन हे तिन्ही एकाच कामात येतं. आम्ही दोघा पार्टनरांनी कोटेशन मागवली तेव्हा हेच झालं. मग एक एजंट भेटला, त्याचा आकडा बराच खाली. एवढं कमी कसं विचारलं तर म्हणे "साहेब, आपला बिझनेस मोठा आहे, कंपनी आपल्याला रेट देते." फॉर्म आमच्यासमोर भरला, धंद्याच्या रकान्यात झाडं छाटणे व पाडणे असं स्वच्छ लिहिलं, आम्ही सही केली आणि पार्टनरने फॉर्मचा फोटो काढून ठेवला. पैसे त्याच्या एजन्सीच्या खात्यात गेले.

सर्टिफिकेट आलं ते एकदम देखणं. वर लोगो, खाली शिक्का, मध्ये थर्ड पार्टी नुकसान, कामगारांचा विमा, मशिनरी, सगळे रकाने भरलेले. ग्राहक हेच मागतात, त्यामुळे कामं मिळायला लागली. मूळ पॉलिसी मागितली की "येतेय साहेब, सिस्टिमला अपडेट चालू आहे." हे अपडेट कधी संपलंच नाही.

मग एक मोठं झाड उतरवताना दोराला बांधलेली फांदी झोका घेऊन शेजारच्यांच्या काचेच्या छपरावर गेली. कोणाला लागलं नाही, छप्पर मात्र गेलं. क्लेम टाकला, सर्व्हेअर येऊन फोटो काढून गेला, आणि नंतर कंपनीचं पत्र आलं की तुमची पॉलिसी बागेच्या देखभालीची आहे म्हणजे गवत, कुंपण, रोपं वगैरे, ठरावीक उंचीच्या वरचं काम आणि झाड पाडणं हे दोन्ही एक्सक्लुजनमध्ये, म्हणजे विम्यातून वगळलेल्या गोष्टींत आहे, सबब क्लेम नामंजूर.

कंपनीकडून प्रपोजल फॉर्मची कॉपी मागवली. तो आमचा फॉर्मच नव्हता! ऑनलाइन भरलेला दुसराच, मेल आयडी आणि मोबाइल नंबर एजंटाचा, धंदा "बाग देखभाल". कामगारांचा विमा तर काढलेलाच नव्हता, सर्टिफिकेटवरचा तो नंबर कंपनीच्या रेकॉर्डमध्ये सापडेना. आणि खरी चीड इथे येते की बागकामाचा खरा प्रीमियम आमच्याकडून घेतलेल्या पैशांपेक्षा खूपच कमी होता, म्हणजे जो आकडा आम्हाला स्वस्त वाटत होता त्यातलाही मोठा भाग त्याने खिशात घातला होता. त्याला फोन केला तर "क्लेरिकल मिस्टेक आहे, करून देतो दुरुस्त". नंतर फोन बंद.

छपराचे पैसे आम्ही भरले. पण त्याच काळात आमचा क्लायंबर रोज दोरावर लटकत होता आणि त्याच्यामागे एका रुपयाचाही विमा नव्हता, ह्याचा विचार आला की अजून डोकं फिरतं. तक्रार विमा कंपनीकडे, विमा नियामकाकडे (IRDAI) आणि पोलिसात अशी तिन्हीकडे दिलीये, तो फॉर्मचा फोटो आणि पैसे गेल्याचा पुरावा जोडून. चालू आहे.

नंतर मी पॉलिसीचे कागद शब्द न शब्द वाचायला लागलो. सर्टिफिकेट म्हणजे पॉलिसी नव्हे, तो फक्त एक सारांश असतो, आणि पीडीएफमध्ये बदल करायला कितीसा वेळ लागतो. क्लेमच्या वेळी बघतात ते शेड्यूल (पॉलिसीतलं तुमच्या तपशिलाचं पान), एक्सक्लुजन आणि एन्डोर्समेंट (पॉलिसीला जोडलेले बदल). शेड्यूलमध्ये धंद्याचं वर्णन काय लिहिलंय ती ओळ सगळ्यात आधी बघा. "लँडस्केपिंग" किंवा "गार्डनिंग" दिसलं तर तिथेच थांबा, मग एजंट कितीही म्हणो की त्यात झाडं येतातच. उंचीची मर्यादा आहे का, चेनसॉ, क्रेन किंवा दोरावरचं काम वगळलंय का, हेही त्यातच सापडतं.

ज्या वस्तूवर तुम्ही प्रत्यक्ष काम करताय तिचं नुकसान बऱ्याच लायबिलिटी (दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई देणाऱ्या) पॉलिसीत येत नाही, म्हणजे छाटायचं झाड चुकून पाडलं तर कदाचित तुमचं तुम्ही बघा. काम संपवून आलात आणि काही महिन्यांनी अर्धवट कापलेली फांदी कोणाच्या गाडीवर पडली तर काम पूर्ण झाल्यानंतरचं कव्हर वेगळं बघावं लागतं. गाडीचं इन्शुरन्स खाजगी वापराचं असेल आणि मागे चिपर (फांद्यांचे बारीक तुकडे करणारं मशीन) ओढत धंद्याला नेत असाल तर तिथेही नकार येऊ शकतो. हत्यारांच्या विम्यात चोरीची अट नीट वाचा, कुलूप नसलेल्या गाडीतून गेलेला चेनसॉ कित्येक पॉलिसीत मोजतच नाहीत. रोजंदारीवर बाहेरचा क्लायंबर आणता तो तुमच्या पॉलिसीत कामगार म्हणून धरलाय की नाही, हे विचारल्याशिवाय कोणी आपणहून सांगत नाही. (आणि तो "माझा विमा आहे" म्हणाला तर त्याचेही कागद बघा, सर्टिफिकेट नाही, कागद.)

एजंटाचा परवाना नियामकाच्या साइटवर तपासता येतो. पैसे शक्यतो विमा कंपनीच्याच खात्यात भरा. मेल आणि मोबाइल तुमचाच नोंदवला गेलाय का बघा, क्लेम टाकेपर्यंत आमच्याकडे कंपनीचं एकही पत्र थेट आलं नाही ते ह्याचमुळे.

आता आम्ही नवीन पॉलिसी घेतली तेव्हा एजंटाला मध्ये न घेता कंपनीच्या अधिकृत आयडीवर मेल टाकला, पाहिजे तर हाच उचला: "आम्ही दोर आणि हार्नेस वापरून उंचावर चढून, चेनसॉने झाडं छाटतो व पाडतो. सोबतच्या पॉलिसी नंबरखाली हे काम कव्हर आहे का, उंचीची काही मर्यादा आहे का, आणि तुमच्या रेकॉर्डला आमचा धंदा काय नोंदवलाय, हे लेखी कळवावे. आमच्या नावाने भरलेल्या प्रपोजल फॉर्मची कॉपीही पाठवावी." उत्तर येईपर्यंत आम्ही झाडावर माणूस चढवला नाही, दोन ग्राहक गेले त्यात.