म्युझिक पीसी, आठ महिन्यांनंतर: मालकंसात तीव्र मध्यम कुठून आला?

आठ महिन्यांपूर्वी घरी गाणी ऐकण्यासाठी एक छोटा पीसी जोडला होता. पार्ट्सची यादी परत देत बसत नाही, एन१०० (इंटेलचा कमी वीज खाणारा प्रोसेसर) चा बोर्ड, बिनपंख्याची केस, १ टीबी एसएसडी, बाहेर यूएसबी डॅक (डिजिटल गाण्याचा अ‍ॅम्पला चालणारा सिग्नल करणारी डबी) आणि बाबांचा जुना अ‍ॅम्प, सगळं नेहमीचंच आहे. बाबांच्या ३४० सीड्या एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी या सॉफ्टवेअरने फ्लॅकमध्ये, म्हणजे दर्जा न घालवता लहान होणाऱ्या फाइलींत, काढल्या, रोज संध्याकाळी पाच-सहा अशा, आणि दीडशे जीबीच्या आत सगळं बसलं. मी २ टीबी घ्यायला निघालो होतो, तेवढे पैसे वाचले.

पहिले पाच महिने एक नंबर चाललं. खोलीत पंख्याचा आवाज नाही, फूबार या प्लेअरमध्ये वासापी एक्सक्लुझिव्ह (विंडोजचा मिक्सर टाळून आवाज थेट डॅककडे देणारी सेटिंग) लावलं की ४४.१ किलोहर्ट्झची सीडी ४४.१लाच डॅककडे जाते, नाहीतर विंडोज आपल्या मिक्सरमधून बहुतेक वेळा ४८ करून पाठवतं आणि विलंबित ख्यालात मेलचं टुंग वाजतं ते वेगळंच.

मग अ‍ॅडॅप्टर जळला. बोर्ड लॅपटॉपसारख्या १९ व्होल्टच्या अ‍ॅडॅप्टरवर चालतो, दुकानदाराने वॉरंटीत दुसरा दिला, मी लावला, चालू झालं, विषय संपला असं वाटलं. त्या रात्री बाबा मालकंस राग ऐकत बसले होते, गाणाऱ्याचा सा काळी एकचा (पेटीच्या सप्तकातली पहिली काळी पट्टी), आणि आलाप सुरू होऊन दोन मिनिटं होत नाहीत तोच म्हणाले, "अरे, हा तीव्र मध्यम कोण लावतंय?" मालकंसात मध्यम शुद्धच, त्याहून अर्धा सूर चढा तो तीव्र मध्यम त्यात नाहीच, त्यामुळे मला आधी कळेचना. त्यांनी पेटी काढली, पांढरी पाच दाबली, म्हणाले ही बघ, किंचित चढी आहे पण हीच. स्पीकरमधून बारीक घूंऽऽ येत होतं. आपली वीज ५० हर्ट्झची, पांढरी पाच तितक्या खालच्या सप्तकात ४९ची, आणि काळी एकच्या साला तो बरोबर तीव्र मध्यम. मालकंसात शुद्ध मध्यमावर सगळा डोलारा, आणि मागे हे सतत चालू! जोरात गाणं असताना कळत नाही, पण तानपुऱ्यात आणि दोन ट्रॅकच्या मधल्या शांततेत एकदा ऐकलं की दुसरं काही ऐकूच येत नाही.

दुकानात तीन फेऱ्या झाल्या. "डॅक गेलाय, नवीन घ्या, चौदा हजार." मलाही पटायला लागलं होतं, खरंच सांगतो. पण घेण्याआधी डॅकला लॅपटॉप लावून बघितला. बॅटरीवर आवाज गायब, तीन पिनांचा चार्जर खोचला की परत घूं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. जुना अ‍ॅडॅप्टर दोन पिनांचा होता, नवीन तीन पिनांचा. पीसीला अर्थिंग, अ‍ॅम्पलाही अर्थिंग, आणि मधल्या वायरी (पीसी ते डॅक यूएसबी, डॅक ते अ‍ॅम्प आरसीए) दोघांना जोडतात, म्हणजे अर्थचं एक गोल वेटोळं झालं आणि वीज त्यातूनच गुणगुणत होती. दोन्ही एकाच एक्सटेन्शन बोर्डावर आणले तर कमी झालं, गेलं नाही. एकाने सांगितलं अर्थच्या पिनला टेप लाव. असलं अजिबात करू नका, शॉक लागून माणूस जाईल.

शेवटी उपाय निघाला ३८० रुपयांच्या ऑप्टिकल वायरीचा. बोर्डाच्या मागे ऑप्टिकल आउट होतंच, पाच महिन्यांत मी त्याचं रबरी बूचसुद्धा काढलं नव्हतं, कारण यूएसबीच भारी असं माझं पक्कं मत होतं. ते मत आता बदललंय. ऑप्टिकलमधून फक्त उजेड जातो, वीज जायला रस्ताच नाही, त्यामुळे घूं मुळापासून बंद. ऑप्टिकल साधारण ९६ किलोहर्ट्झपर्यंतच चालतं, पण माझ्याकडे त्याच्या वरच्या फाइल्स चारच आहेत, त्यांच्यासाठी यूएसबी परत लावणार नाही.

लावल्यावर बाबांना काही सांगितलं नाही, तोच मालकंस लावला. त्यांनी तो शेवटपर्यंत ऐकला आणि पेटी उचलून आत ठेवली.