‘सेल्फ मोटर जळलीय’ म्हणून होणारी फसवणूक

छोट्या एटीव्हीचा (जाड टायरांच्या चारचाकी ऑफ-रोड गाडीचा) सेल्फ लागत नाही. बटण दाबलं की नुसती ‘टिक’ येते, नाहीतर तेही नाही. गॅरेजमध्ये पाच मिनिटांत निकाल लागतो: मोटर जळलीय, नवी टाका. मोटर बदलते, गाडी घरी येते आणि थोड्याच दिवसांत पुन्हा तेच. मग बॅटरी, मग अख्खं वायरिंग. पैसे जात राहतात. मूळ दोष मात्र बऱ्याचदा बॅटरीच्या काळ्या वायरच्या दुसऱ्या टोकाला असतो, फ्रेमच्या रंगावरच आवळलेल्या अर्थिंगच्या बोल्टखाली.

पटवून देण्याच्या दोन युक्त्या ठरलेल्या आहेत. पहिली, ब्रेकचा लिव्हर न दाबता बटण दाबून दाखवायचं. बहुतेक छोट्या एटीव्हींत ब्रेक दाबल्याशिवाय सेल्फला करंटच जात नाही, त्यामुळे चांगली गाडीही मेलेली दिसते. दुसरी, मोटर उघडून आतली काळी पूड बोटावर घेऊन दाखवायची. ती पूड कार्बन ब्रशची, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला करंट पोचवणाऱ्या कार्बनच्या ठोकळ्यांची असते. झिजताना ती पडणारच, मोटर जळल्याची ती खूण नव्हे. जळलेल्या वाइंडिंगला (मोटरमधल्या तारेच्या गुंडाळ्यांना) वार्निश करपल्याचा उग्र वास येतो आणि तारा काळ्या पडलेल्या दिसतात.

गाडी कुणाच्या हाती देण्याआधी बॅटरीच्या दोन टोकांना मल्टीमीटर (व्होल्ट मोजायचं मीटर) लावा. चांगल्या चार्ज बॅटरीवर 12.6 व्होल्टच्या आसपास दिसतात. ब्रेक धरून बटण दाबताना आकडा 9.6 च्या खाली कोसळला, तर आधी बॅटरी पूर्ण चार्ज करून पुन्हा तपासा. तरीही कोसळत असेल तर संशय बॅटरीवर. ‘टिक’ येते पण आकडा जागचा हलत नाही, तर करंट वाटेतच अडतोय. मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर धरून बटण दाबा. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर अर्थिंग खराब. बोल्ट काढा, खालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासा, पुन्हा घट्ट आवळा. खर्च जवळजवळ शून्य.

पुढे रिले, म्हणजे बटण दाबल्यावर बॅटरीचा करंट मोटरला जोडणारा स्विच. ‘टिक’ आवाज त्याचाच. गिअर न्यूट्रल, चावी बंद, चाकांना अडण, जवळ पेट्रोल सांडलेलं नको. रिलेचे दोन जाड बोल्ट इन्सुलेटेड पेचकसाने क्षणभर जोडा. ठिणगी उडेल, दचकू नका. पेचकस फ्रेमला मात्र लागू देऊ नका. मोटर जोरात फिरली तर ती ठणठणीत आहे. मग चावी सुरू करून, ब्रेक आणि बटण दाबून रिलेच्या दोन बारीक वायरींमध्ये व्होल्ट बघा. 12 च्या आसपास येऊनही टिक नाही, तर रिले गेला. काहीच येत नसेल तर फ्यूज, ब्रेक स्विच आणि बटण बघा. ब्रेक स्विचमध्ये चिखल अडकणं अगदी नेहमीचं.

मोटर घूंऽऽ करून फिरते पण इंजिन फिरत नाही, तर वन-वे क्लच, म्हणजे मोटरचा फेरा इंजिनला देणारा भाग, घसरतोय. इथेही बिनदिक्कत मोटर विकली जाते! आणि मोटर खरंच अडत असेल, तरी अनेकदा नुसते कार्बन ब्रश बदलून आणि कॉम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याचा भाग) साफ करून काम भागतं.

गाडी गॅरेजला ठेवावीच लागली तर मोटरच्या बॉडीवर पंचने खूण करा, बॅटरीवरच्या कोडचा फोटो काढा आणि जुना पार्ट परत मिळेल का, हे कामाआधीच विचारून ठेवा. ‘नवी’ मोटर हातात आली की रंग बघू नका, शाफ्टचे दात आणि बोल्टची भोकं बघा. स्प्रे मारलेल्या जुन्या मोटरच्या दातांवर झीज आणि भोकांभोवती वॉशरचा वळ राहतोच. नवी जाड वायर घातली असेल तर तिची एक तार ब्लेडने खरवडा. आत तांबड्याऐवजी पांढरट धातू दिसला तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. त्याच जाडीच्या तांब्याइतका करंट ते सोसत नाही. वायर तापते आणि सेल्फ पुन्हा मंदावतो.