बोलेरोला विजेचा पंखा बसवला आणि धारूरच्या घाटात बसून राहिलो

मागच्या उन्हाळ्यात माझे साडेआठ हजार गेले, तापून गेलेल्या हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाच्या डोक्याखालच्या सीलचा, खर्च वेगळाच. लातूरच्या त्या गॅरेजचं नाव लिहीत नाही. युक्ती मात्र सगळी सांगतो.

गाडी बोलेरो, बारा वर्षांची. एसी लावून गर्दीत उभं राहिलं की इंजिनाच्या तापमानाचा काटा वर सरकायचा, रस्त्याला लागलं की खाली यायचा. मी प्राथमिक शाळेतला मास्तर. इंजिनातलं मला कळतं ते एवढंच की बोनेट कुठून उघडतं. गॅरेजवाल्यानं इंजिन बंद करून पट्ट्यावरच्या पंख्याला हातानं एक गिरकी दिली. पंखा अर्ध्या फेऱ्यात थांबला. "बघा गुरुजी, फिरंना. पंख्याचा क्लच मेलाय. त्याच्यापेक्षा विजेचा पंखाच टाकू. इंजिनावरचं वझं जातंय, लिटरमागं तीन किलोमीटर तरी ॲव्हरेज वाढतंय."

तीन किलोमीटर ऐकलं आणि माझी अक्कल तिथंच गहाण पडली. केज-लातूर आठवड्याला दोन फेऱ्या. डिझेलचा हिशेब मी मनातल्या मनात करूनही टाकला.

त्यानं नव्या पंख्याचं सीलबंद खोकं दाखवलं आणि म्हणाला, "दोन तास लागतील, तुम्ही चहा घेऊन या." परत आलो तर रेडिएटरमागं काळाकुळकुळीत पंखा आणि स्टिअरिंगखाली एक बटण. काटा वर गेला की दाबायचं म्हणे. जुना पंखा मागितला तर "भंगारात गेला, त्याला काय करताव?" बिलाचं विचारलं तर "जीएसटी पडंल उगं." तीन हजार फोनवरून दिले, साडेपाच हजार रोख. संध्याकाळी सपाट रस्त्यावर चक्कर मारली. गाडी गार. गार राहणारच, साठच्या वेगाला समोरून येणारा वाराच पुरतो, पंख्याचं काम तेव्हा जवळपास नसतंच. हे शहाणपण नंतरचं.

मेमध्ये माजलगावला लग्न होतं. परतताना भर दुपारी तेलगाव सोडून धारूरचा घाट चढायला लागलो, पुढं भरलेला ट्रक, गाडी दुसऱ्या गिअरला. बटण दाबलं. पंख्याचा आवाज जोरात, आणि काटा मात्र चढतच चालला. आधी वायर जळाल्याचा वास, मग वाफ. एक बरं केलं, रेडिएटरचं झाकण लगेच उघडलं नाही. आत दाबाखाली उकळतं पाणी असतं, तोंड भाजतं. दोन तास वळणावर बसलो. पंगतीतून घाईनं का उठवलं, हे सासूबाईंनी त्या दोन तासांत बऱ्याच प्रकारे विचारलं.

गाडी ओढून केजला आमच्या जुन्या मिस्त्रीचाचांकडं नेली. चाचांनी जळकी वायर काढून दुसरी जोडली, पंखा चालू केला आणि डॅशबोर्डावर पडलेली लग्नपत्रिका पुढच्या जाळीला लावली. पंखा सरळ असेल तर कागद जाळीला चिकटून बसतो. आमची पत्रिका उडून चाचांच्या पायाशी पडली.

"गुरुजी, ह्यो उलटा वारा मारायलाय."

दोन वायरींची अदलाबदल, बस्स. डीसी मोटर तेवढ्यानं उलटी फिरते. म्हणजे इंजिनाची गरम हवा रेडिएटरमधून पुढं ढकलली जात होती. पंखा खोक्यातला नव्हताच, कुठल्यातरी छोट्या गाडीचा जुना. रंग खरवडल्यावर गंज दिसला. निम्मा रेडिएटरही झाकत नव्हता, आणि हवा सगळ्या जाळीतून ओढून घेणारं मूळचं काउल आड येतं म्हणून काढून टाकलेलं. जादा करंट पेलणारा रिले नाही, फ्यूज नाही, तापमानावर चालणारा थर्मोस्विच नाही. असा पंखा वीस-एक अँपियर ओढतो, आणि त्याला जोडलेली वायर हॉर्नची.

मग चाचांनी विचारलं, "जुन्या पंख्याला गिरकी दिली तर किती फिरला?" म्हटलं, अर्धा फेरा. "मंग मेला कसा? मेलेला क्लच मोकळा फिरत ऱ्हातो." म्हणजे चांगला पंखा, चांगला क्लच मी त्याला देऊन आलो होतो, वर पैसे मोजून!

खरा आजार रेडिएटरचा होता. दोन उन्हाळे मी त्यात बोअरचं पाणी ओतत होतो. आमच्याकडच्या बोअरचं पाणी कसं असतं ते घरच्या हीटरवर बसणारा पांढरा थर बघितला की कळतं. तोच थर रेडिएटरच्या नळ्यांत. ही चूक माझी, ती गॅरेजवाल्याच्या नावावर टाकत नाही. पण त्यानं रेडिएटरला हातही लावला नव्हता.

ॲव्हरेजचं म्हणाल तर, पट्ट्यावरचा पंखा ताकद खातो हे खरंच आहे. पण व्हिस्कस क्लच, म्हणजे आतल्या घट्ट तेलावर पकड घेणारा क्लच, असला की इंजिन गार असताना तो निसटत फिरतो, फार खात नाही. आणि विजेचा पंखा काही फुकट फिरत नाही. 12 व्होल्टला 20 अँपियर म्हणजे 240 वॅट. ती ताकद गाडीची वीज बनवणारा अल्टरनेटर शेवटी पट्ट्यावरून, इंजिनाकडूनच घेतो. नीट बसवलेला विजेचा पंखा वाईट नसतो, छोट्या गाड्यांना तो कारखान्यातूनच येतो. तीन किलोमीटर मात्र त्यातून निघत नाहीत.

रेडिएटर साफ करून घेतला, काउल आणि क्लचवाला पंखा जुन्या बाजारातून आणला, कूलंट भरलं. काटा आता हलत नाही.

गॅरेजवाल्याला फोन केला तर म्हणाला, "गुरुजी, पंखा फिरायलाय का न्हाई? मंग?" ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर बोललो, त्यांनी पहिलं बिल विचारलं. आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करतोय. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथं फी नाही, आणि लातूरला खेटे न घालता आपल्याच जिल्ह्यात, बीडला, दाखल करता येते. पुरावा म्हणून फोनवरच्या तीन हजारांची नोंद आहे. बाकीच्याला साक्षीदार फक्त समोरचा चहावाला, आणि त्याच्याकडं मी दोन तास गाडीकडं पाठ करून बसलो होतो.