हेग: दोन दिवस तरी द्यावेत असं शहर

नेदरलँड्सला गेलेले पुणेकर बहुधा ॲमस्टरडॅम पाहून परततात. समुद्र हवा असेल तर हेगला मुक्काम कराच. ॲमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळावरून थेट रेल्वेनं अर्धा तास. मुख्य स्थानकातून 9 नंबरची ट्रॅम स्खेव्हेनिंगेनच्या किनाऱ्याला नेते. चढताना टेकवलेलं बँकेचं कार्डच उतरतानाही टेकवा, नाहीतर जादा पैसे कापले जातात. वाऱ्यानं छत्री उलटी होते, विंडचीटरच न्या. माउरित्सहाउस या संग्रहालयात डच चित्रकार व्हर्मीरचं ‘मोत्याचा डूल घातलेली मुलगी’ हे चित्र आहे. सोमवारी संग्रहालय दुपारी 1 ला उघडतं.

सुरिनामी रोटी मात्र चुकवू नका! 1873 पासून सुरिनामला, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या तेव्हाच्या डच वसाहतीत, गेलेल्या भोजपुरी मजुरांचं हे जेवण त्यांच्या वंशजांबरोबर इथं आलं: डाळीचा भुगा भरलेली मऊ रोटी, मसालेदार बटाटा, चवळीच्या शेंगा, उकडलेलं अंडं. शाकाहारी असाल तर ऑर्डर देतानाच सांगा.