म्हापशातलं जुन्या मासिकांचं दुकान

मराठी घरांत विज्ञान कसं पोचलं याचा शोध घ्यायचा असेल तर शुक्रवारी म्हापशाला जा, असं मी भेटेल त्याला सांगते. बाजारात हरमलच्या मिरच्यांच्या राशी ओलांडून आतल्या गल्लीत वळलं की दोन माणसं जेमतेम उभी राहतील एवढं एक दुकान लागतं. पाटी नाही. बाहेर शाळेची जुनी पाठ्यपुस्तकं आणि इंग्रजी कादंबऱ्या. त्या बघून परत फिरू नका. मासिकं आत आहेत, जमिनीपासून छतापर्यंत, सुतळीने बांधलेल्या गठ्ठ्यांत. गठ्ठ्यांमध्ये वेखंडाचे तुकडे टाकलेले असतात. गोव्याच्या दमट हवेत कसर आणि बुरशी यांच्यापासून कागद वाचवणं किती कठीण आहे हे ज्यांच्या घरी पुस्तकं आहेत त्यांना सांगायला नको.

मी डिचोली भागात शाळेत विज्ञान शिकवलं. निवृत्तीनंतर विज्ञानविषयक मराठी लेखनाचा इतिहास जुळवायला घेतला, तेव्हा कळलं की शास्त्रज्ञ काय बोलले हे शोधणं सोपं आहे, वाचणाऱ्याने काय घेतलं हे शोधणं अवघड. त्याची साधनं बहुतेक रद्दीत जातात. एका वाचनालयात मी मासिकांचे बांधीव खंड मागवले होते. खंड सुंदर, पुठ्ठा भक्कम, पण बांधणी करताना मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं काढून टाकलेली. लेख राहिले, पण अंकाची किंमत, छापखान्याचा पत्ता, वाचकाने पेन्सिलीने मारलेल्या रेघा, सगळं गेलं.

या दुकानदाराची खरी गुणवत्ता इथे आहे. तो काहीही काढत नाही. मालकाचं नाव खोडत नाही, शिक्का फाडत नाही, आत सापडलेलं कात्रण बाहेर टाकत नाही. ‘सृष्टिज्ञान’ हे मासिक 1928 पासून पुण्याहून निघू लागलं. त्याचे तिसाच्या दशकातले काही अंक मला इथे मिळाले आणि एकावर टपालाची कागदी पट्टी तशीच गुंडाळलेली होती. एका बाजूला पुण्याचा शिक्का, दुसऱ्या बाजूला ‘नोव्हा गोवा’, म्हणजे तेव्हाची पणजी. दोन शिक्क्यांत चार दिवसांचं अंतर. पोर्तुगीज अमलाखाली राहणारा कुणी मराठी वाचक सरहद्दीपलीकडून विज्ञानाचं मासिक वर्गणी भरून मागवत होता, याचा पुरावा त्या पट्टीत आहे. लेखात तो कुठेच नाही. त्या अंकाचे मी आनंदाने दोनशे रुपये दिले. एरवी सुटा अंक तीस ते पन्नासला मिळतो.

मुखपृष्ठ हरवलेला अंक घेताना बिचकू नका. किंमत आण्यांत असेल तर तो बहुतेक 1 एप्रिल 1957 च्या आधीचा, कारण त्या दिवशी दशमान नाणी आली. ‘नये पैसे’ लिहिलं असेल तर 1957 ते 1964 मधला धरा. 1964 च्या जूनपासून ‘नये’ गळलं. जाहिरातीतल्या पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर अंक 15 ऑगस्ट 1972 नंतरचा. म्हणून तर जाहिरातीची पानं सांभाळायची. शिवाय बियाणी, टॉनिकं, रेडिओदुरुस्तीचे टपाली अभ्यासक्रम यांच्या जाहिराती कुणासाठी छापल्या जात होत्या, यावरून मासिकाचा वाचक कोण हेही उमगतं.

वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्या वेगळ्या गठ्ठ्यात असतात, त्या जरूर चाळा. 16 फेब्रुवारी 1980 ला आपल्या जवळच, अंकोल्याकडे, खग्रास सूर्यग्रहण दिसलं होतं. त्या आठवड्यातली एक पुरवणी माझ्या हाती लागली. ग्रहण कसं घडतं याच्या आकृतीवर कुणीतरी निळ्या शाईने सावलीच्या रेषा पुन्हा आखून पाहिल्या आहेत, आणि समासात ‘गरोदर बाईने?’ एवढंच लिहिलंय. विज्ञान आणि भीती एकाच हाताने एकाच कागदावर उमटलेली मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही.

उणिवा आहेत, आणि संशोधकाला त्या जाणवतील. यादी नाही, काय कुठे आहे ते दुकानदाराच्या डोक्यात. गठ्ठा कुठल्या गावातून, कुठल्या घरातून आला ते तो लिहून ठेवत नाही. मी बरेचदा विनवलं, तेव्हा आता निदान तालुक्याचं नाव चिठ्ठीवर लिहितो. विकत घेण्याआधी फोटो काढू देत नाही, ते मला रास्त वाटतं. संच मात्र फोडून विकतो, याचं मला मनापासून दुःख होतं. बारा अंक एकत्र असले तर लेखमाला कळते, वाचकांची पत्रं कुठल्या लेखाला उत्तर देतात ते कळतं. त्यामुळे वर्षाचा संच दिसला की घासाघीस करत बसू नका, सगळा उचला. पैसे फोनवरून घेतो, पावती देत नाही. आणि चिकटपट्टी लावलेला अंक सरळ नाकारा. ती कागद पिवळा करून अक्षरं खाते.

एकोणिसाव्या शतकातलं इथे शोधू नका. बाळशास्त्री जांभेकरांचं 1840 चं ‘दिग्दर्शन’ मासिक बाजारात मिळण्याची वस्तू नव्हे. गोव्यातल्या जुन्या वृत्तपत्रांसाठी पणजीतलं, पाटोवरचं कृष्णदास शामा ग्रंथालयच गाठायला हवं. 1832 साली सुरू झालेल्या त्या संस्थेचा वारसा केवढा मोठा, आणि आपण तिथे परीक्षेच्या अभ्यासापुरते जातो. केतकरांच्या ज्ञानकोशाचा ‘विज्ञानेतिहास’ हा पाचवा खंड इंटरनेटवर फुकट वाचता येतो.

गोव्यात राहिलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याच्या औषधी वनस्पतींवरच्या ग्रंथाचंही इंग्रजी भाषांतर तसंच मिळतं. तो 1563 मध्ये गोव्यात छापला गेला, लॅटिनऐवजी पोर्तुगीजमध्ये आणि संवादाच्या रूपात. मधेच आंतोनिया नावाची दासी येते, तिला हाक मारून वस्तू मागवल्या जातात. चार वर्षांनी क्लुसियस या युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञाने अँटवर्पहून त्याचा लॅटिन संक्षेप काढला आणि संवाद वगळले. युरोपात माहिती पोचली, पण गोव्यातलं घर आणि आंतोनिया मागे राहिली. बांधीव खंडांतली गेलेली पानं आठवली की मला हाच संक्षेप आठवतो.

मी सध्या मराठी विज्ञान परिषदेच्या पत्रिकेचे जुने अंक जमवते आहे. परिषद 1966 ची. 1974 मध्ये तिच्या विज्ञानकथा स्पर्धेत जयंत नारळीकरांनी ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने कथा पाठवली आणि बक्षीस मिळवलं, हे पुष्कळांना ठाऊक आहे. पण त्या सुमारास गोव्यातून ती पत्रिका कोण वाचत होतं? दुकानदाराला मी यादी देऊन ठेवली आहे. अधूनमधून त्याचा फोन येतो, “बाई, तुमचे अंक आयल्यात,” की मी पुढच्या शुक्रवारी पहिली कदंबा बस पकडते.

सर्वांत चांगला माल चवथीनंतर येतो, कारण चवथीआधी घरोघरी माळे झाडले जातात. आपल्या माळ्यावर अशी मासिकं असतील तर किलोने रद्दीत घालू नका. सुतळी न सोडता, कात्रणं आणि पट्ट्यांसकट, इथे आणून द्या, आणि वरच्या अंकावर गावाचं नाव व घरात ती कोण वाचत असे ते पेन्सिलीने लिहा.