पोराला हरणाच्या शिकारीला पाठवायचं का? शेजाऱ्याचं घर आणि आपलं घर

ऑक्टोबर लागला की अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या आमच्या गावात दुकानांच्या दाराशीच शिकाऱ्यांची भडक नारिंगी जाकिटं टांगलेली दिसायला लागतात. त्यात बारक्या मापाचीही असतात, सहा-सात वर्षांच्या पोराला बसतील अशी. त्याच सुमाराला एखाद्या मराठी घरातून मला फोन येतो. "अहो, शेजारचा म्हणतोय, पोराला या वर्षी आमच्याबरोबर शिकारीला पाठवा. काय करायचं?" आवाजात पाऊण भीती, पाव कुतूहल.

पंधरा वर्षांपूर्वी मी त्याच जागी होतो. मुलगा तेव्हा अकराचा. प्रत्येकाला फोनवर तेच ते सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकतो. माझा कौल आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना माझं पारडं कुठे झुकलंय ते माहीत असेल: हरणावरून वाद घालाल तर हराल. बंदुकीवरून आणि वयावरून घालाल तर तुमच्या म्हणण्यात दम आहे. आपल्याकडचे बहुतेक आईबाप नेमकं उलटं करतात. हरणावरून भांडतात आणि बंदुकीबद्दल विचारायला लाजतात.

शेजाऱ्याच्या घरात

थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरातला चौथा गुरुवार) आधीच्या शनिवारी इथे बंदुकीचा नऊ दिवसांचा हंगाम उघडतो. कोकणातला चाकरमानी गणपतीला जसा काहीही करून गाव गाठतो, तसा शिकागोत नोकरी करणारा मुलगा त्या शुक्रवारी रात्री घरी पोचतो. आजोबांची रायफल, बापाचं मचाण (इथे त्याला स्टँड म्हणतात), शेजारपाजारच्या चार गाड्या, एका झोपडीवजा खोलीत पत्ते आणि बिअर. याला ते डियर कॅम्प म्हणतात. पोराला बोलावणं म्हणजे या गोतावळ्यात घेणं. तुमच्या पोराला बोलावलं असेल तर तो मान आहे, हे आधी ध्यानात घ्या. नाही म्हणायचं असेल तरी त्या हिशेबाने म्हणा.

त्यांचं म्हणणं ऐकलं तर ते पोकळ नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पांढऱ्या शेपटीचं हरीण अमेरिकेत पार कमी झालं होतं, आज ते कोटींच्या घरात आहे. त्याला खाणारे लांडगे विस्कॉन्सिनमधून १९६० पर्यंत संपवले गेले. नंतर ते परतले, पण राज्याच्या दक्षिणेकडच्या शेतांत हरणाला खरं भय मोटारीचंच. मक्याचं आणि सोयाबीनचं नुकसान वेगळं. विदर्भात रोही (नीलगाय) आणि रानडुकरांनी शेत लोळवलं की शेतकरी काय म्हणतो ते ज्याने ऐकलंय, त्याला इथल्या शेतकऱ्याचं बोलणं परकं वाटणार नाही.

दुसरी गोष्ट पैशाची. रायफली आणि काडतुसांवर ११ टक्के कर आहे, आणि १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यामुळे तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. बंदूक कशी धरावी हे शिकवणारे वर्गही त्यातूनच चालतात. रानातल्या हरणाचं मांस बाजारात विकायला बंदी आहे. स्वतः खा, वाटा किंवा दान करा. म्हणजे धंद्यासाठी मारलं हा आरोपही लागू पडत नाही.

तरी सगळी अमेरिका अशी आहे असं समजू नका. शिकार करणारे शंभरात पाचेक. आमच्यापासून तासाभरावरच्या मॅडिसनमध्ये असे कितीतरी गोरे शेजारी भेटतील, जे या प्रकाराला नाकं मुरडतात.

आपल्या घरात

आपल्या कथांमध्ये शिकार कधी सुखाने संपत नाही. दशरथाने आवाजावर बाण सोडला आणि श्रावणबाळ गेला. पंडूने हरणाची जोडी मारली, तो ऋषी निघाला. सोन्याच्या हरणामागे राम गेला आणि मागे सीता गेली. शिवरात्रीच्या कथेतला व्याधच तेवढा सुटला, कारण त्याने बाण सोडलाच नाही. ही शिदोरी घेऊन आपण इथे आलो, त्यामुळे शेजाऱ्याचं आमंत्रण ऐकताच पोटात गोळा येतो. त्यात खोटं काही नाही.

पण "आपल्यात हे नसतं" हे वाक्य मात्र जपून वापरा. कोल्हापूर संस्थानात काळविटाच्या शिकारीसाठी चित्ते पाळले जात, माणसं नेमली जात. माझ्या आजोबांकडे देवगडला ठासणीची बंदूक होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. रानडुकराच्या नावाने काढलेल्या त्या बंदुकीने भेकरंही पडली आहेत. हाकाऱ्यांना वाटे मिळत. वडील त्या हाक्याला दहाव्या वर्षी गेले होते. १९७२ चा वन्यजीव कायदा आला, हळूहळू ते थांबलं, आणि दोन पिढ्यांत आम्ही "आमच्यात नसतं" म्हणायला मोकळे झालो. पारधी समाजाला तर शिकार करतो म्हणून आपण काय काय ऐकवलं, ते वेगळंच.

शिवाय रविवारी मटण आणणाऱ्या घराने हरणाची कणव काढणं मला जमत नाही. खाटकाकडच्या बोकडाला पळायची संधी नव्हती. या हरणाला होती. घर शाकाहारी असेल तर प्रश्नच मिटला. तुमचा नकार पुरा आहे, त्याला कारणं जोडत बसू नका. "आम्ही प्राणी मारत नाही, खात नाही" एवढं सरळ सांगितलं की शेजारी समजून घेतो. अवघड जातं ते आमच्यासारख्यांना, जे मारत नाहीत पण खातात.

बंदूक आणि वय

इथे मात्र आपलं पारडं जड आहे, म्हणून थोडं सविस्तर.

विस्कॉन्सिनमध्ये मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली शिकार करायला पूर्वी किमान १० वर्षांची अट होती. २०१७ मध्ये ती काढून टाकली. आता वयाची खालची मर्यादाच नाही. प्रशिक्षण घेतलेला मोठा माणूस हाताच्या अंतरावर हवा, एवढंच. कायदा झाल्यावर पाळण्यातल्या बाळांच्या नावानेही काही परवाने निघाले. हौस, दुसरं काय. शेजारी "कायद्याने चालतं" म्हणेल ते खरं आहे, पण कायद्याने चालतं म्हणून तुमच्या सात वर्षांच्या पोराला चालेल असं नाही.

जर्मनीतली पद्धत याच्या दुसऱ्या टोकाची. तिथे १६ च्या आत परवाना नाही, १६ ते १८ मध्ये मिळतो तो सोबतीला मोठं माणूस असण्याच्या अटीवर. त्याआधी लेखी, तोंडी आणि नेमबाजी अशी तिहेरी परीक्षा. प्राण्यांचे रोग, झाडं, कायदा, कुत्री, सगळं त्यात येतं. तिथले लोक गमतीने तिला हिरवी बारावी म्हणतात, आणि नापासही बरेच होतात. मारलेल्या हरणाच्या तोंडात ते हिरवी डहाळी ठेवतात, शेवटचा घास म्हणून. आमच्या शेजाऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "घास बरा आहे. पण सोळाव्या वर्षी पोरगं बापाबरोबर कुठे येतंय?" त्याच्या म्हणण्यातही तथ्य आहे.

मला मधली वाट पटते. १ जानेवारी १९७३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या कुणालाही इथे एकट्याने शिकार करायची तर प्रशिक्षणाचा वर्ग करावा लागतो. बारावं वर्ष लागलं की तो पोराला करू द्या, शिकारीला पाठवायचं नसलं तरी. ज्या गावात दर दुसऱ्या घरात बंदूक आहे, तिथे मित्राच्या तळघरात ती समोर आली तर काय करायचं, हे पोराला माहीत हवं. वर्गात चार नियम घोकून घेतात: प्रत्येक बंदूक भरलेलीच समजा, नळी कायम सुरक्षित दिशेला, नेम कशावर आणि त्याच्या पलीकडे काय, दोन्ही पाहा, मारायच्या क्षणापर्यंत बोट घोड्यापासून लांब.

शेजाऱ्याला विचारायला लाजू नका. बंदूक कुठे ठेवता, कुलूप आहे का, काडतुसं वेगळी ठेवता का, कॅम्पवर बिअर कधी उघडते, पोराशेजारी नक्की कोण बसणार, पोरगं उंच मचाणावर चढणार की जमिनीवर बसणार. मचाणावरून पडून हातपाय मोडून घेणारेही कमी नसतात. ओळखीच्या एका घरी मी हेच विचारायला गेलो, तर गॅरेजच्या भिंतीला भरलेली रायफल टेकवून ठेवलेली. चहा न घेता परत आलो. आमच्या शेजाऱ्याने मात्र प्रश्न संपायच्या आत कपाटाची किल्ली दाखवली. रागावला नाही. असल्या प्रश्नाला जो रागावतो, त्याच्याकडे पाठवू नका.

अजून दोन गोष्टी, ज्या गोऱ्या शेजाऱ्याच्या ध्यानात येणारच नाहीत. एच-१बी (नोकरीचा तात्पुरता व्हिसा) किंवा एच-४ (त्याच्या कुटुंबीयांचा) वर असाल तर केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतुसं बाळगायला मनाई आहे. वैध शिकार परवाना हातात असणं हा त्यातला एक अपवाद. तेव्हा "धरून बघ जरा" म्हणून कुणी रायफल पुढे केली तरी आधी कागद, मग बंदूक, आणि कागदाआधी इमिग्रेशनचा वकील. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही.

दुसरी आपल्या रंगाची. नोव्हेंबर २००४ मध्ये सॉयर काउंटीत मचाणावरून वाद झाला आणि एका मोंग (लाओसमधून आलेल्या समाजातल्या) शिकाऱ्याने सहा जणांना मारलं. जानेवारी २००७ मध्ये उत्तरेकडच्याच जंगलात एका मोंग शिकाऱ्याचा गोऱ्या शिकाऱ्याने खून केला. मोंग लोकांत शिकार पिढ्यान्पिढ्या आहे, ते आजही पोरांना घेऊन जातात. पण सरकारी जंगलात अनोळखी माणसांमध्ये जाण्यापेक्षा शेजाऱ्याच्या स्वतःच्या जमिनीवर गेलेलं बरं, एवढं मी त्यातून घेतलं.

आम्ही काय केलं

अकराव्या वर्षी बंदूक नाही, पण जायचं. मीही बरोबर गेलो. दोघांनी नारिंगी घातलं.

पहाटे साडेपाचला मक्याच्या कापलेल्या शेताच्या कडेला बसलो. थंडीने नाक बधिर. पश्चिमेला कललेल्या चांदण्यांकडे बोट दाखवून शेजारी कुजबुजला, "ओरायन. शिकारी." मुलाने माझ्याकडे पाहिलं. त्याच चांदण्यांना त्याची आजी मृग म्हणते; मधले तीन तारे म्हणजे हरणाच्या पोटातला बाण आणि खाली चमकतो तो व्याध. त्यांना तिथे मारणारा दिसतो, आपल्याला मरणारा. शेजाऱ्याला हे सांगितलं तर तो बराच वेळ वर बघत राहिला, मग म्हणाला, "बाण बरोबर जागी लागलाय."

सूर्योदयाच्या अर्धा तास आधी बार काढायची मुभा सुरू होते. सातच्या सुमारास एक मादी आली, मागे दोन पाडसं. शेजाऱ्याने रायफल उचललीच नाही. मुलाने खुणेने विचारलं, का? त्याने मादीच्या मागे बोट केलं. दूर झाडीआडून रस्ता जात होता. त्या सकाळी पोरगं काय शिकलं म्हणाल तर हेच.

दुसऱ्या दिवशी एक लहान नर पडला. पोट फाडलं तेव्हा थंडीत वाफेचा लोट उठला. शेजाऱ्याने जठर वेगळं काढून चिरून दाखवलं: मक्याचे दाणे आणि ओकची फळं, अर्धवट चावलेली. काळीज ब्रेडच्या रिकाम्या पिशवीत घातलं, बायकोला आवडतं म्हणून. मुलगा गप्प होता. घाबरला नव्हता, पण परतताना गाडीत त्याने खिडकीकडेच तोंड ठेवलं. काही घरांत पहिल्या शिकारीचं रक्त पोराच्या गालाला लावतात. आमच्या शेजाऱ्याकडे ते नव्हतं, नाहीतर मी तिथूनच परतलो असतो. तुमच्याकडे असेल का, ते आधी विचारून घ्या.

तेव्हा हरीण पेट्रोलपंपावर नेऊन नोंदवावं लागे. तिथे दहा जण जमायचे, मागच्या डाल्यात डोकावायचे, शिंगांची टोकं मोजायचे. २०१५ पासून नोंदणी फोनवर किंवा ऑनलाइन होते. सोय झाली, जत्रा मोडली.

मुलगा पुन्हा गेला नाही. आज तो सव्वीस वर्षांचा आहे, खातो, मारत नाही. धाकटीने मात्र बाराव्या वर्षी हट्टाने वर्ग केला आणि चौदाव्या वर्षी एक मादी मारली. त्या दिवशी ती रडली आणि पुढच्या वर्षी परत गेली. मांस वीसेक किलो निघालं. त्याच्या खिम्याला बायकोने हात लावला नाही, मीच केला आणि चरबी नसल्यामुळे कढईत त्याचा भुगा झाला. पुढच्या वेळी कांदा दुप्पट, वाटणात सुकं खोबरं आणि वरून तूप घातलं, तेव्हा कुठे जमलं.

खाण्याआधी एक पथ्य पाळा. २००२ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या हरणांत मेंदू पोखरणारा एक रोग सापडला. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज. तो माणसाला झाल्याची नोंद नाही, तरी रोगट निघालेलं हरीण खाऊ नये असाच सरकारी सल्ला आहे आणि हरणाला काहीच झालं नसल्यासारखं दिसू शकतं. तेव्हा डोकं तपासणीला द्या आणि अहवाल येईपर्यंत मांस फ्रीजरमध्ये वेगळं, नाव घालून ठेवा.

तर घर शाकाहारी असेल, किंवा पोरालाच नको असेल, तर नाही म्हणा. पोराचा नकार आईबापांच्या हौसेपेक्षा मोठा. दहाच्या आतल्याला बंदूक घेऊन मी कुणाच्याही घरी पाठवणार नाही, शेजारी कितीही सज्जन असला तरी. दहा-अकराचं असेल आणि शेजाऱ्याने किल्ली दाखवली असेल, तर रिकाम्या हाताने पाठवा आणि तुम्हीही जा. बाराच्या पुढे वर्ग झाला असेल तर पोराला विचारा. पंधरापर्यंतच्या मुलांसाठी ऑक्टोबरमध्ये दोन दिवसांची वेगळी शिकार असते, तेव्हा रानात गर्दी कमी असते. वर्गांच्या जागा मात्र उन्हाळ्यातच भरायला लागतात. सप्टेंबरमध्ये जाग आली तर बहुधा पुढच्या वर्षावर जाईल, आणि शेजाऱ्याला तसं आत्ताच कळवलेलं बरं. तो बिचारा बारकं जाकीट आणून ठेवतो.